चौथा महिना आणि हिरडीवरची लाल गाठ

प्रश्न : चौथा महिना लागलाय. तोंडाला सारखी लोखंडासारखी चव, लाळ इतकी सुटते की नॅपकिन घेऊनच फिरते आणि आडवी झाले की घशाशी आंबट जळजळ. परवा ब्रश करताना रक्त आलं, दोन दातांच्या मध्ये हिरडीवर लाल गाठ दिसली. सासूबाई म्हणतात गरोदरपणी दातांना हात लावायचा नाही. काय करू?

उत्तर : ताई, गाठ बघून पोटात गोळा येणं साहजिक आहे, पण अशी मऊ, पटकन रक्त येणारी गाठ गरोदरपणात काहीजणींना होते, कॅन्सर नसतो तो आणि बहुतेकदा बाळंतपणानंतर आपोआप बसते. तरी डेंटिस्टला दाखवाच, सासूबाईंची भीती मायेपोटी असली तरी दात साफ करून घेणं या काळात सुरक्षित असतं आणि चौथा ते सहावा महिना तर त्यासाठी सगळ्यात सोयीचा. रक्त येतं म्हणून ब्रश बंद करू नका, मऊ ब्रश घ्या. उलटी झाली की लगेच मात्र घासू नका, ॲसिडने दात मऊ पडलेले असतात, पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून चुळा भरा, ब्रश अर्ध्या-एक तासाने. लोखंडी चव हार्मोन्समुळे येते, कधी आयर्नच्या गोळीनेही, पण मनाने गोळी सोडू नका, डॉक्टर बदलून देतात. जळजळीसाठी रात्रीचं जेवण लवकर, थोडं, उशी उंच. पाणीसुद्धा गिळता येत नसेल, ताप असेल, लघवी कमी होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.