ह्युस्टनला निघालात? तापमान नका बघू, दवबिंदू बघा

जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं आता टेक्सासमधे ह्युस्टनला आहेत, आणि तिकडच्या हवेबद्दल आईबाबांचे प्रश्न सारखे येत असतात. या वेळी तेवढेच घेतो.

प्रश्न (भुसावळ): आम्ही मे महिन्यात ४३-४५ अंशात सगळी कामं करतो. मुलगा तिथं ३५ लाच "बाबा, सहन होत नाही" सांगी राहिला. पोरगं नाजूक झालं का?

नाही हो दादा, पोरगं खरं बोलतंय. अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळं, नुसता घाम येऊन काही उपयोग नसतो. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी हवेत ओलावा १५-२० टक्के, घाम आला की लगेच उडतो, शर्टावर नुसते मिठाचे पांढरे पट्टे राहतात बघा. ह्युस्टनला मेक्सिकोच्या आखाताची कोमट वाफ जूनपासून सप्टेंबरपर्यंत शहरावर बसलेली असते, घाम वाळतच नाही, नुसत्या धारा लागतात.

आकड्यात सांगतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर तो जिथं थांबेल, साधारण तिथपर्यंतच घाम अंगाला गार करू शकतो. ४३ अंश आणि १५ टक्के ओलावा असेल तर तो आकडा येतो २२-२३. ह्युस्टनच्या ३५ अंशाला, ओलावा पन्नास टक्क्यांच्या वर असला की, येतो २७ च्या आसपास. म्हणजे तापमान आठ अंशांनी कमी असूनही अंगाला त्रास जास्त. तिथं कूलर का चालत नाही तेही यातच आलं, कूलर पाणी वाळवूनच हवा गार करतो आणि ती हवा आधीच ओली, खोलीत नुसतं गदगदेल. एसीला पर्याय नाही, त्यावरून मुलाला बोलू नका.

मोबाइलवर तापमानाच्या खाली दवबिंदू म्हणजे ड्यू पॉइंट दिलेला असतो, म्हणजे हवा जितकी गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होतं तो आकडा; तो जितका जास्त तितकी हवा ओली. तो बघायची सवय लावा. १५ च्या खाली असला तर मस्त हवा, २० च्या वर गेला की चिकचिक, जुलै-ऑगस्टमधे तो २३-२५ वर असतो. आणि एक, यावरून आपला ४५ चा उन्हाळा निरुपद्रवी आहे असं समजू नका, कोरड्या उन्हात पाणी कमी पडलं की उष्माघात होतोच.

प्रश्न (अमळनेर): सहा महिन्यांसाठी जायचंय, सूनबाई म्हणते मे मधे या, शाळेला सुट्टी असते. कधी जावं?

ताई, नातवंडांच्या सुट्टीचा मोह मलाही कळतो, पण मे मधे गेलात तर पूर्ण उन्हाळा घरात बसून काढाल. ऑक्टोबरच्या मध्यावर जा आणि एप्रिलमधे परत या. नोव्हेंबरमधे सकाळ-संध्याकाळ पायी फिरता येतं, जानेवारीत दुपारी १७ आणि पहाटे ६-७ अंश, पहाट आपल्या पौषातल्या कडाक्याच्या थंडीसारखी, पण दुपार आपल्यापेक्षा बरीच गार. स्वेटर मात्र बारा महिने जवळ ठेवा, कारण भर उन्हाळ्यातही तिथं मॉलमधे नि दवाखान्यात एसी इतका असतो की गुडघे धरतात.

प्रश्न (रावेर): मुलाच्या अंगणात केळी आहे, पण घड काही लागत नाही. एवढी दमट हवा, मग अडचण काय?

आता हा रावेरचा प्रश्न, याचं उत्तर नीट द्यायला पाहिजे. उन्हाळाभर केळी तिथं जोमात वाढते, पाणी आहे, ऊब आहे. घात होतो तो हिवाळ्यात. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली गेला की बागेला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं अडतं, हे तुम्हाला मी काय सांगू. ह्युस्टनला तर बहुतेक हिवाळ्यांत एखादी रात्र शून्याच्या खाली जातेच, की वरचं खोड मऊ होऊन बसलं. कंद जिवंत राहतो, मार्चमधे पुन्हा कोंब येतात, पण लागवडीपासून घड कापेपर्यंत वर्ष-सव्वा वर्ष लागणारं पीक दर हिवाळ्यात शून्यावर आलं तर घड कधी येणार. मुलाला सांगा, थंडीच्या आधी खोडाला जुनी गोधडी गुंडाळायची आणि बुंध्याशी पाचटाचा नाहीतर पालापाचोळ्याचा जाड थर द्यायचा, खोड वाचलं तर पुढच्या उन्हाळ्यात आशा आहे.

एवढी थंडी तिथं येते कुठून, तर सरळ कॅनडाकडून. मधे आडवा डोंगरच नाही. आपल्या देशात हिमालय आहे म्हणून लखनौ-दिल्लीला, जवळपास त्याच अक्षांशाला, सैबेरियाची थंडी थेट येत नाही. तिथं उत्तरेचा वारा सुटला की दुपारी २५ आणि रात्री ७-८ असं काही तासांत होतं. फेब्रुवारी २०२१ मधे तर ह्युस्टन उणे १० च्याही खाली गेलं, वीज गेली, घराघरात पाण्याचे पाइप फुटले. २१ जानेवारी २०२५ ला चक्क बर्फ पडला. अशा रात्री नळ बारीक ठिबकत ठेवायचा.

प्रश्न (चोपडा): तिथं बिबडे (ज्वारीचे पापड) वाळतील का? इथून नेले तर बॅगेत चुरा होतो.

वाळतील, पण उन्हाळ्यात करू नका. मे-जूनचं कडक ऊन बघून घाटा शिजवाल, फडक्यावर थापाल, आणि संध्याकाळी बघाल तर वरून कातडं धरलेलं, आतून चिकट, दुसऱ्या दिवशी बुरशीचे ठिपके. ऊन आहे पण हवा ओलावा घेतच नाही. मी वर सांगितलं ना उत्तरेचा वारा, तो सुटल्यावर दोन-तीन दिवस आभाळ निळं स्वच्छ असतं आणि दवबिंदू ५ च्या खाली येतो. नोव्हेंबर नाहीतर फेब्रुवारीतले असे दिवस पकडा. ऊन मऊ असतं म्हणून आपल्यापेक्षा एखादा दिवस जास्त लागेल, थोडे पातळ थापा, रात्री घरात पंख्याखाली ठेवा. कडा आपोआप उचलल्या नि मोडताना कट्कन आवाज आला की डब्यात भरा. डबा घट्ट झाकणाचाच पाहिजे.

प्रश्न (धुळे): तिथं पावसाळा कधी असतो? आणि वादळांची भीती वाटते.

वेगळा पावसाळा नाहीच, बारा महिने थोडा-थोडा पडतो, वर्षाला १२५० मिलिमीटरच्या आसपास. पूर येतो कारण जमीन ताटासारखी सपाट, वरून काँक्रीट, आणि खाली आपल्या काळ्या मातीसारखी फुगणारी चिकणमाती, पाणी मुरतच नाही. ऑगस्ट २०१७ मधे हार्वी वादळात चार-पाच दिवसांत काही भागांत १००० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, आपल्या जळगावला सबंध वर्षात ७०० च्या आसपास पडतो यावरून अंदाज करा.

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, खरा जोर ऑगस्ट-सप्टेंबरमधे. ८ जुलै २०२४ ला बेरिल आलं, वारा ओसरला दिवसभरातच, पण वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवडाभर आली नाही, आणि ते सगळं त्या जुलैच्या उकाड्यात. म्हणून मुलाला आधीच विचारून ठेवा की घर पूरक्षेत्रात आहे का आणि वीज गेली तर कोणाकडं जायचं. बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या जादा ठेवा. पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी घालायची नाही, पाणी घोटाभर दिसत असलं तरी नाही.

प्रश्न (नंदुरबार): मला दम्याचा त्रास आहे. दमट हवेत वाढेल का?

दमट हवेत भिंतींना बुरशी धरते, ती वाईट, घरात ओलावा ५० टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगा. पण तुम्ही मार्च सांभाळा. ओक झाडांचे परागकण तेव्हा इतके उडतात की सकाळी गाडीवर पिवळी पूड साचलेली असते. त्या दिवसांत खिडक्या बंद ठेवा, बाहेरून आल्यावर कपडे बदला, निघायच्या आधी इथल्या डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि इनहेलर हातातल्या पर्समधे ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.