कंपनीतलं संशोधन सोडून दिल्लीला जावं का?

तुम्ही विचारलंय: पुण्यात औषध कंपनीत तेरा वर्षं संशोधन केलं, आता केंद्राच्या एका विज्ञान खात्यात सायंटिस्ट-डीची (शास्त्रज्ञांच्या मधल्या श्रेणीची) जागा निघालीय, जाऊ का?

मी गेलो होतो. भोसरीच्या एका रसायन कंपनीतून उठून साडेचार वर्षं दिल्लीत काढली. आमच्या सोसायटीतले काका अजूनही समजतात की मी पाषाण रोडला एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होतो. पुण्यात सरकारी शास्त्रज्ञ म्हटलं की तेवढंच डोळ्यांपुढे येतं. पण प्रयोगशाळा वेगळी आणि मंत्रालय वेगळं. मंत्रालयात हाताला रसायन लागत नाही, फाईल लागते.

पगाराचं उरकून टाकतो. सातव्या वेतन आयोगात लेव्हल १२, मूळ वेतन ७८,८०० पासून, वर भत्ते. आजच्यापेक्षा कमी पडेल, भागेल मात्र.

खरी परीक्षा नोटिंगची, म्हणजे फाईलवर आपलं मत लिहिण्याची. पहिल्याच महिन्यात एका प्रस्तावावर मी अकरा पानी मत लिहिलं, आलेखांसकट. संचालकांनी पानं चाळली आणि विचारलं, "डॉक्टर साब, करना है कि नहीं करना?" मी म्हणालो, अजून थोडी माहिती हवी. ते म्हणाले, ३१ मार्चनंतर हा पैसा राहणार नाही. राग आला होता. नंतर पटलं, की माहिती अर्धी असतानाच त्यांना सही करावी लागते आणि ती अर्धी म्हणजे नेमकी किती, हे सांगणं माझं काम. मग सवय लावली: आधी शिफारस, मग खात्री कितपत, मग चुकलो तर काय बिघडेल. उरलेलं सगळं परिशिष्टात.

कंपनीतल्या माणसाचा उपयोग कुठे होतो तेही सांगतो. एका प्रस्तावात होतं, प्रक्रिया १०० ग्रॅमवर जमलीय, वर्षभरात १ टनावर नेऊ. अभिक्रिया चांगलीच उष्णता सोडणारी. घनफळ १०,००० पट झालं, तर त्याच आकाराच्या भांड्याचा पृष्ठभाग ४६० पटीच्या आसपासच वाढतो. मग उष्णता बाहेर जाणार कुठून? समितीत मोठमोठे प्राध्यापक होते, पण हे मीच विचारलं. त्यांच्यापेक्षा हुशार होतो म्हणून नव्हे, एकदा रिॲक्टर तापताना पाहून पळालो होतो म्हणून.

शेअर्स असतील तर त्यांची व्यवस्था आधी लावा. ब्रिटनचे पॅट्रिक व्हॅलन्स ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या संशोधनाचे प्रमुख होते, २०१८ मध्ये सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार झाले. २०२० मध्ये, कोविड लशींची धावपळ चालू असताना, त्यांच्याकडे जुन्या कंपनीचे सुमारे सहा लाख पौंडांचे शेअर्स असल्याच्या बातम्या आल्या. यात हितसंबंध आड येत नाहीत, असं सरकारने सांगितलं. पुढे २०२४ मध्ये ते विज्ञानमंत्रीही झाले. पण त्या बातम्यांनी व्हायचा तो मनस्ताप झालाच असणार. माझ्या जुन्या कंपनीचा अर्ज आला, तेव्हा मी लेखी कळवून बैठकीतून बाहेर जाऊन बसलो. आतल्यांनी तो नाकारला. जुने सहकारी वर्षभर फोन उचलत नव्हते.

लॅटरल एंट्रीशी, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांना करारावर थेट वरच्या प्रशासकीय पदांवर घेण्याशी, मात्र या जागेची गल्लत करू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये ४५ पदांची तशी जाहिरात निघाली आणि तीन-चार दिवसांत मागेही घेतली गेली. तुमची जागा नियमित आहे की कराराची, हे जाहिरातीत नीट वाचा. कराराची असेल आणि मुलं दहावी-बारावीत असतील, तर मी जाणार नाही.

नियमित असेल तर जा. फक्त निवडीचा निरोप आला म्हणून राजीनामा टाकू नका. माझी वैद्यकीय तपासणी आणि पोलीस पडताळणी होऊन नेमणुकीचं पत्र हातात यायला सात महिने लागले होते, आणि कंपनीचा नोटीस पिरियड होता तीन महिन्यांचा.