खड्ड्यात रिम वाकली, आता खर्च कोण देणार?

प्रश्न: ताई, मागच्या आठवड्यात रात्री पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही, गाडी धाडकन आदळली, पुढचं टायर फुटलं, रिम वाकली आणि खालून ऑइल गळायला लागलं. गॅरेजवाल्याने २८ हजार सांगितलेत. महानगरपालिकेकडून भरपाई मिळेल का?

उत्तर: दादा, आधी एक सांगा, ऑइल गळत असताना गाडी तशीच चालवली नाही ना? कारण ऑइल संपून इंजिन जाम झालं तर इन्शुरन्सवाले बहुतेक वेळा तो क्लेम नाकारतात, म्हणून टोइंग करूनच न्यायची. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही, कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर सर्व्हेअर (नुकसान तपासणारा इन्शुरन्स कंपनीचा माणूस) येईपर्यंत काम सुरू करू नका. पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो, ती ५० टक्क्यांपर्यंत असू शकते, त्यामुळे हिशोब करूनच ठरवा.

आता महानगरपालिका. २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं, पण ते माणसांसाठी, गाडीच्या नुकसानीसाठी कोर्टात दावाच करावा लागतो. त्याआधी महानगरपालिकेला लेखी नोटीस देऊन महिनाभर थांबावं लागतं आणि दावा ६ महिन्यांच्या आत लावायचा असतो, तेव्हा वकिलांना लगेच भेटा. आजच त्या खड्ड्याचे फोटो काढा, शेजारचं दुकान किंवा खांबाचा नंबर दिसेल असे, कारण उद्या खडी टाकून बुजवला की पुरावाच गेला. आपण रोड टॅक्स भरतो, मागायला अजिबात लाजू नका.