पांढरं पडलेलं कोरल मेलेलं असतं का?

प्रश्न : मे महिन्यात मालवणला स्नॉर्केलिंग केलं तेव्हा काही कोरल एकदम पांढरीफटक दिसली. बोटीवरचे दादा म्हणाले, पाणी तापलं की ती मरतात. पण मग बाजूचंच दुसरं कोरल चांगलं तपकिरी कसं काय? उष्णतेने त्यांचे जीन्स बदलतात का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही बघितलेलं ते पांढरं कोरल बहुतेक जिवंत असणार. मेलेल्या कोरलवर थोड्याच दिवसांत शेवाळ चढतं आणि ते मळकट दिसायला लागतं. स्वच्छ पांढरं दिसतंय म्हणजे वरची कातडी पारदर्शक झालीय आणि आतला चुन्याचा सांगाडा दिसतोय, जीव आहे पण उपाशी आहे.

कोरल म्हणजे प्रवाळ, हा प्राणी आहे, आणि त्याच्या पेशींच्या आत, वर चिकटून नाही तर खरंच पेशीच्या पोटात, एकपेशीय शैवाल राहतं. तपकिरी रंग त्याचाच. ते उन्हावर साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी प्रवाळाला देतं, काही वेळा त्याच्या गरजेच्या ९० टक्क्यांपर्यंत. आता पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की शैवालाचं प्रकाश पकडायचं यंत्र बिघडतं, दुरुस्ती मागे पडते, पण ऊन तर पडतच असतं, मग ती जादा ऊर्जा ऑक्सिजनवर जाते आणि पेरॉक्साइडसारखी जहाल रसायनं तयार होतात जी शैवालातून झिरपून प्रवाळाच्या पेशीत येतात आणि तिथली प्रोटीन्स, पेशींचे पडदे, डीएनए सगळंच जाळायला लागतात. शेवटी प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो, किंवा आतल्या आत पचवतो, नाहीतर ती अख्खी पेशीच स्वतःला संपवते. हेच ब्लीचिंग.

मला यातली सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. २०२१ मध्ये लाल समुद्रातल्या एका प्रवाळावर काम झालं, त्यात दिसलं की उपासमार रंग जायच्या आधीच सुरू होते. गरम पाण्यात प्रवाळाला ऊर्जा जास्त लागते, तो स्वतःची अमिनो आम्लं जाळतो, त्यातून सुटणारा नायट्रोजन शैवालाला आयतं खत म्हणून मिळतो आणि मग शैवाल साखर द्यायच्या ऐवजी स्वतःच्या वाढीला वापरतं. वरून सगळं तपकिरी, छान, पण आतून घर रिकामं होत चाललेलं!

आता जीन्स. उष्णतेने जीन्सची अक्षरं बदलत नाहीत, कुठले जीन्स किती जोरात चालू आहेत ते बदलतं. तापलं की प्रोटीन्सची घडी विस्कटते, अंडं उकडल्यावर बलक घट्ट होतो तसंच काहीसं, आणि ती घडी सावरायला हीट शॉक प्रोटीन्स लागतात. ती चालू करणारा मुख्य जीन म्हणजे एचएसएफ-१. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रवाळाच्या, म्हणजे अ‍ॅक्रोपोराच्या अळ्यांमध्ये क्रिस्परने, म्हणजे जीन्स कापून बदलायच्या तंत्राने, तो बिघडवला, २०२० चं काम आहे, तर २७ अंशांना त्या मजेत होत्या आणि ३४ अंशांना मेल्या. साध्या अळ्या त्याच पाण्यात टिकल्या.

बाजूचं कोरल तपकिरी का, याचं उत्तर अमेरिकन सामोआतल्या ओफू बेटावर मिळतं. तिथे ओहोटीला काही उथळ डबक्यांचं पाणी ३४ अंशांच्या वर जातं आणि तरी प्रवाळ टिकतात. २०१३ मध्ये त्यांचे जीन्स तपासले तर साधारण ६० जीन्स पाणी थंड असतानाच जास्त चालू होते. आपल्याकडे कोकणात पाऊस यायच्या आधी आगोटीची बेगमी करतात ना, लाकूडफाटा, सुकी मासळी, अगदी तसंच, म्हणजे संकट आल्यावर धावपळ नाही, सामान आधीच भरलेलं. इतर प्रवाळ त्या डबक्यात नेऊन ठेवले तर तेही दोनेक वर्षांत बरेच काटक झाले, मूळच्यांइतके नाहीत पण झाले.

दुसरं कारण भाडेकरूचं. ड्युरुस्डिनियम जातीचं शैवाल असेल तर प्रवाळ एक ते दीड अंश जास्त सोसतो, पण साखर कमी मिळते म्हणून वाढ मंदावते. काही वेळा नुसती सावली किंवा जातीचा फरकही असतो, त्यामुळे तुमच्या त्या दोघांचं नक्की कारण इथून सांगता येणार नाही.

पण ही बेगमीही किती पुरणार? ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ असं लागोपाठ मोठं ब्लीचिंग झालंय. अंगावर मांस चढायला, पिल्लं व्हायला प्रवाळाला वर्षं लागतात आणि ती त्याला मिळतच नाहीयेत, काटक पिढी घडायची कधी?

पाऊस संपला की परत मालवणला जमलं तर त्याच जागेचा फोटो काढा, फक्त कोरलवर उभं राहू नका, पायातले फिन्स लागू देऊ नका. तपकिरी झाक दिसली तर शैवाल परत राहायला आलंय. आम्हाला जरूर कळवा.