मर्फी कोणाचा नातू?

प्रश्न असा आहे: मर्फी रेडिओतला मर्फी, 'जे बिघडू शकतं ते बिघडणारच' या नियमातला मर्फी आणि ऑस्करवाला किलियन मर्फी हे एकाच घराण्यातले का? या आडनावाचा अर्थ काय? ते आयरिश असेल तर ओ'ब्रायन, ओ'कॉनरसारखा त्याला 'ओ' का लागत नाही? आणि आयर्लंडमध्ये आता मर्फी उरलेत तरी किती?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण 'उरलेत' या शब्दाला माझी हरकत आहे. आयर्लंडमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनावच मर्फी आहे, आणि ते आजकालचं नाही. रॉबर्ट मॅथेसन नावाच्या एका निबंधक अधिकाऱ्याने 1890 सालच्या जन्मनोंदी घेऊन कोणत्या आडनावाची साधारण किती माणसं देशात असतील याचा अंदाज बांधला होता. त्यात मर्फी पहिले, सुमारे 62,600. दुसरे केली, सुमारे 55,900. त्यानंतर सलिव्हन आणि वॉल्श. त्या वेळी सगळ्या बेटाची लोकसंख्या 47 लाखांच्या आसपास होती, म्हणजे दर 75 माणसांत एक मर्फी. अलीकडच्या वर्षांतले नवजात बाळांच्या नोंदणीचे सरकारी आकडे पाहिले तरी आडनावांच्या यादीत पहिला मर्फीच. पाळणा अजून हलतोय.

आता अर्थ. मूळ आयरिश रूप 'ओ मुर्ख़द' असं काहीसं होतं. आयरिश स्पेलिंग आणि उच्चार यांचं नातं सासू-सुनेसारखं आहे, एका घरात राहतात पण एकमेकींचं ऐकत नाहीत. त्यामुळे इथे मी उच्चारालाच धरून चालतो. 'ख़' हा उर्दूतल्या 'ख़ुदा'मधला घशातून घासत येणारा, आणि शेवटचा 'द' खरं तर इंग्रजी 'दिस', 'दॅट'मधल्या सुरुवातीच्या ध्वनीसारखा. 'मुर्ख़द' हे पुरुषाचं पहिलं नाव. त्याचे दोन तुकडे: 'मुइर' म्हणजे समुद्र (लॅटिन 'मारे' आणि जर्मन 'मेअर' याचीच भावंडं) आणि 'कथ' म्हणजे लढाई. एकत्र केले की समुद्रावर लढणारा, दर्यावरचा योद्धा. नाव चांगलं चलनातलं होतं. आयर्लंडचा प्रसिद्ध राजा ब्रायन बोरू याच्या थोरल्या मुलाचंही हेच नाव होतं, आणि तो 1014 मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला.

आणि 'ओ' म्हणजे नातू.

इथे मला थांबायचं आहे, कारण आपल्याकडच्या संस्कृत व्याकरणात याचा इतका तंतोतंत जोड सापडतो की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं. आयरिशमध्ये 'मॅक' म्हणजे मुलगा आणि 'ओ' म्हणजे नातू. पुष्कळांना वाटतं की 'मॅक' स्कॉटिश आणि 'ओ' आयरिश. तसं नाही, दोन्ही आयरिशच आहेत. फरक आहे तो पिढीचा. पाणिनीकडे गर्गाचा मुलगा 'गार्गि', पण नातू मात्र 'गार्ग्य'. सूत्रच आहे: 'अपत्यं पौत्रप्रभृति गोत्रम्', नातवापासून पुढची संतती ती गोत्र. पुढे गंमत अशी की नातवानंतर पणतू, खापरपणतू आले म्हणून दर पिढीला नवा प्रत्यय लागत नाही. सगळे गार्ग्यच. आयरिश 'ओ'चंही हेच झालं. सुरुवातीला एखादा माणूस खरोखर मुर्ख़दाचा नातू होता. त्याच्या पणतवालाही लोक मुर्ख़दाचा नातूच म्हणत राहिले आणि नात्याचा शब्द आडनावात गोठला. हे 10व्या-11व्या शतकातलं. युरोपात पिढ्यानपिढ्या चालणारी आडनावं इतक्या लवकर रुजलेले देश फार थोडे.

'ओ' आणि 'मॅक'नंतर मूळ नाव षष्ठीत जातं, आपण 'रामा'ला 'चा' जोडतो तसं. बायकांच्या आडनावात तर नात्याचा शब्दही बदलतो. मर्फींच्या मुलीला आयरिशमध्ये 'नी' लागतो ('नातवाची मुलगी' याचा झिजलेला संक्षेप), आणि तो लागला की पुढच्या 'म'चा 'व' होतो. भाऊ 'ओ मुर्ख़ू' तर बहीण 'नी वुर्ख़ू'. लग्न करून त्या घरात आलेल्या सुनेला आणखी तिसरं रूप. पाटलीणबाई, कुलकर्णीणबाई म्हणणाऱ्यांना हे चटकन पटावं, फक्त आपल्याकडे लेक आणि सून यांच्यात व्याकरण एवढा भेदभाव करत नाही.

वर 'मुर्ख़द' लिहिलं आणि आता 'मुर्ख़ू' लिहिलं, ही चूक नाही. मधल्या शतकांत शेवटचा तो मऊ 'द' आधी घशात सरकला, मग विरून गेला, आणि त्याच्या जागी दीर्घ 'ऊ' उरला. स्पेलिंगात तो बरीच शतकं तसाच बसून होता. विसाव्या शतकात आयरिश लेखन सुधारलं तेव्हा कुठे त्याला निरोप मिळाला.

पण मग 'फ' कुठून आला? मुर्ख़ूमध्ये तर 'फ' औषधालाही नाही. हा सगळ्यात रसाळ भाग. इंग्रज कारकुनांच्या तोंडात 'ख़' नव्हता. म्हणजे एके काळी होता. इंग्रजीत 'लाफ', 'रफ', 'कॉफ' या शब्दांच्या शेवटी जे 'जी-एच' लिहितात ते त्या जुन्या 'ख़'चंच थडगं आहे. तो ध्वनी काही शब्दांत मुका झाला आणि काहींत त्याचा 'फ' झाला. आयरिश नावं कागदावर उतरवताना त्याच्या अशाच दोन वाटा झाल्या. काही ठिकाणी 'ख़' गळून 'मरो', 'मॉरो' अशी रूपं आली, काही ठिकाणी त्याचा 'फ' होऊन मर्फी. हा अपवाद नाही, याची साक्ष दुसऱ्या एका नावात आहे: 'डॉनख़द' या नावावरून एकीकडे 'डॉनहू' हे आडनाव आलं आणि दुसरीकडे 'डन्फी'. अगदी तोच आजार, तेच दोन परिणाम. खडकीचं 'किरकी' करणारे हेच लोक, त्यामुळे आपल्याला नवल वाटायला नको.

मुख्य फांदी आग्नेयेकडच्या वेक्सफर्डची. लेन्स्टर प्रांतावर राज्य करणाऱ्या राजघराण्याचीच ही शाखा. त्याच घराण्यातला डर्मट मॅकमरो (हा 'मुलगा' लावणारा, 'नातू' नव्हे) आयर्लंडच्या इतिहासात खलनायक म्हणून कुप्रसिद्ध आहे. 1166 मध्ये त्याची गादी गेली. ती परत मिळवायला त्याने समुद्रापलीकडून नॉर्मन सरदार बोलावले. 1169 मध्ये ते वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर उतरले, पुढच्या वर्षी त्यांचा म्होरक्या स्ट्राँगबो आला, डर्मटने आपली मुलगी ईफा त्याला दिली, आणि पाहुणे काही परत गेले नाहीत. राघोबादादांनी इंग्रजांना बोलावलं त्याची आठवण होते, फक्त इथे पुढची कथा साडेसातशे वर्षं चालली. गंमत म्हणजे डर्मटच्या स्वतःच्या वंशजांनी मॅकमरो सोडून कॅव्हना आणि किन्सेला अशी आडनावं धरली.

मात्र सगळे मर्फी वेक्सफर्डचे नव्हेत, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. मुर्ख़द हे नाव घरोघरी होतं, तेव्हा नातूही घरोघरी. स्लायगोकडे वेगळे मुर्ख़द, वेगळे नातू. उत्तरेला अल्स्टरमध्ये 'मॅक'वाले होते, तेही पुढे इंग्रजीत मर्फीच झाले. दक्षिणेला कॉर्कमध्ये तर आज मर्फींचं बालेकिल्ल्यासारखं ठाणं आहे. त्यामुळे 'मर्फी हे एक घराणं' असं म्हणणं म्हणजे सगळे पाटील एका घरचे म्हणण्यासारखं.

इंग्रजी सत्तेविरुद्धच्या 1798च्या उठावाची कथाच पाहा. वेक्सफर्डमध्ये बंडाचं नेतृत्व करणारा पाद्री जॉन मर्फी, आर्क्लोच्या लढाईत पडलेला दुसरा पाद्री मायकल मर्फी. शिकणाऱ्या पोरांची हमखास गल्लत होत असणार.

'ओ' कुठे गेला? इंग्रजी सत्तेखाली आयरिश दिसणारं नाव हे ओझं होतं. 1465 मध्ये तर डब्लिन आणि आजूबाजूच्या भागांतल्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनावं घ्यावीत असा कायदाच झाला. ती कशी घ्यावीत हेही सांगितलं होतं: गावाचं नाव घ्या, रंगाचं घ्या, नाहीतर धंद्याचं. म्हणजे काळे, गोरे, सुतार, लोहार व्हा. त्या कायद्याने फार काही झालं नाही. खरी गळती लागली 17व्या आणि 18व्या शतकांत. जमीन गेली, दरबार गेले, नोंदी इंग्रजीत होऊ लागल्या आणि 'ओ', 'मॅक' पानझडीसारखे झडले. 19व्या शतकाच्या शेवटी वारं फिरलं. 1893 मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, भाषेचा अभिमान जागा झाला आणि पुष्कळ सलिव्हन पुन्हा ओ'सलिव्हन झाले. मर्फी मात्र झाले नाहीत. ओ'मर्फी नावाला सापडतो. माझा तर्क विचाराल तर 'मर्फी'चं रूप मुळापासून इतकं लांब गेलं होतं की त्याला 'ओ' जोडणं म्हणजे पँटवर जानवं घालण्यासारखं दिसलं असतं. वेक्सफर्डच्या मुख्य घराण्याने ते ओळखलं असावं. त्यांनी त्याच सुमारास मर्फी टाकून थेट 'ओ'मॉरख़ो' हे जुन्या उच्चाराजवळचं रूप घेतलं. तेवढं एक घर सोडलं तर बाकीचे आजोबांच्या नावावरच खूश. नात्याचा शब्द गळाला, उरले ते नुसते आजोबा, तेही ओळखू न येणारे.

ओघात आलंच आहे तर, 'ओ'नंतरची ती वरची टिंबटोपी (म्हणजे अपॉस्ट्रॉफी) आयरिश नाही. आयरिशमध्ये 'ओ'वर दीर्घत्वाची तिरकी रेघ असते, टिंबटोपी ही इंग्रजीतली सवय.

1845पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. 2010च्या अमेरिकी जनगणनेत मर्फी 3 लाखांच्या वर होते, म्हणजे मॅथेसनच्या अंदाजाच्या जवळजवळ पाचपट. त्यांत कृष्णवर्णीय मर्फीही आहेत, एडी मर्फी हे सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. हे आडनाव इतकं आयरिश समजलं जाई की इंग्रजी बोलीत बटाट्यालाच 'मर्फी' म्हणत. उलट बाजूने मर्फी आडनावाच्या माणसाला 'स्पड', म्हणजे बटाटा, हे टोपणनाव ठरलेलंच. 1954 मध्ये डब्लिनला 'टेटो' वेफर्सचा कारखाना काढणारा ज्यो 'स्पड' मर्फी हा त्याचा कळस. बटाट्याने बटाटा विकला.

आता तुमचे तीन मर्फी. नियमवाला एडवर्ड मर्फी हा अमेरिकी हवाई दलातला अभियंता. 1949 मध्ये रॉकेटवर पळणाऱ्या घसरगाडीच्या चाचणीत मोजमापाची यंत्रं उलटी जोडली गेली आणि आकडा शून्य आला, त्या वैतागातून नियम जन्मला. रेडिओवाला फ्रँक मर्फी. त्याची कंपनी 1929 मध्ये इंग्लंडमधल्या वेल्विन गार्डन सिटीत सुरू झाली. आमच्या घरी तो रेडिओ फळीवर, क्रोशाच्या झाकणाखाली असे, आणि ओठांवर बोट ठेवलेलं ते मर्फी बाळ मला लहानपणी आजोबांचा कोणी दूरचा नातेवाईक वाटायचं. तिसरा किलियन, हा मात्र खास कॉर्कचा. आपल्या वर्तमानपत्रांत 'सिलियन' छापतात ते चुकीचं आहे, आयरिशमध्ये त्या 'सी'चा उच्चार नेहमी 'क'.

आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचं आडनाव मालवणजवळच्या वराड गावावरून आलंय. गावाला 'कर' लावायची ही रीत आयरिश माणसाला परकी वाटते, कारण त्यांची आडनावं क्वचितच गावावरून येतात, ती आजोबांवरून येतात.

राहिला प्रश्न देवनागरीत लिहायचं कसं. इंग्रजी रूप 'मर्फी' असंच लिहावं, ते रुळलेलं आहे. मूळ आयरिश रूप लिहायची वेळ आली तर मी एरवी नुक्त्याचा आग्रही नाही, पण इथे 'ख' खाली टिंब जरूर द्या. 'ओ मुर्खू' असं छापलंत तर अर्धे वाचक दर्यावरच्या योद्ध्याच्या नातवाला भलताच समजतील.