चूक कोणाची, हे केसपेपरवर लिहायचं का?

प्रश्न : डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. जन्मात सुपारीचं खांडही तोंडात घातलं नाही. पत्नीला लहानपणी सांधेताप येऊन गेला, त्यात हृदयाची झडप खराब झाली. ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्यात नुसत्या तारखा मिळताहेत. तिकडे वॉर्डात दारूने लिव्हर गेलेले, गुटख्याने तोंड सडलेले लोक खाटा अडवून पडलेले दिसतात. एक जण तर तिसऱ्यांदा भरती झालेला. आमच्या कराच्या पैशातून यांना फुकट उपचार का? निदान अर्धा खर्च तरी त्यांच्याकडून वसूल करावा.

उत्तर : गुरुजी, नमस्कार. ताईंचं ऑपरेशन लांबतंय याचा तुमचा संताप रास्त आहे. पण अर्ध्या खर्चाची सूचना मला मान्य नाही, आणि का नाही ते ताईंच्याच आजारावरून सांगते. रागावू नका.

लहान मुलाचा घसा जंतूंमुळे सुजतो, त्यावर पुरेसं औषध होत नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरतात. काहींच्या हृदयाच्या झडपांनाही इजा होते. दाटीवाटीच्या घरांत हे जास्त दिसतं. एकदा हा ताप येऊन गेला की पुढे वर्षानुवर्षं दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं असतं. ते न चुकता घेणारे फार थोडे. कधी कापूस वेचणी असते, कधी घरात लग्न, कधी दवाखान्यात इंजेक्शनच नसतं. उद्या केसपेपरच्या खिडकीवर कोणी ताईंना म्हणालं, ‘इंजेक्शनं चुकवली ना? मग अर्धे पैसे भरा,’ तर? मी तरी ते होऊ देणार नाही.

माझी बरीचशी नोकरी केळीच्या पट्ट्यात, ग्रामीण रुग्णालयात झाली. तिथे एक शेतमजूर बाई आली. म्हणाली, ‘ताई, तिखट लागस, बाकी काही नही.’ गालाच्या आत पांढरा चट्टा होता. मशेरी लावतेस का विचारलं, तर लगेच हो म्हणाली. दात दुखायचा म्हणून लहानपणी आईनेच लावून दिली होती. चट्टा लहान होता तेव्हाच तपासून काढता आला. तिने खरं सांगितलं, कारण खरं सांगण्याचे पैसे पडत नव्हते. ते पडायला लागले तर अशी बाई मशेरीचं नावही काढणार नाही, आणि कॅन्सर होऊन मानेत गाठ आल्यावरच दवाखान्यात येईल. मग मोठं ऑपरेशन, विजेचा शेक, नळीने जेवण. तो खर्च आजच्या कितीतरी पट असतो. अर्धा वसूल करू म्हटलं तरी तिच्याकडे असणार काय?

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक चघळणारे किंवा दातांना लावणारे. रात्रभर केळीचे घड ट्रकमध्ये भरणारा मजूर तंबाखू मळतो, कारण त्याने झोप आणि भूक मरते. ही त्याची हौस म्हणायची की मजुरीतली गरज, हे मी केसपेपरवर कोणत्या रकान्यात लिहू?

मधुमेहाचं तर आणखी अवघड. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की आपल्याकडची कमी वजनाची बाळं दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, आणि पुढच्या मधुमेहाचा धोका पोटात असल्यापासून सुरू होतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे उपाशी आईच्या पोटी जन्मलेल्या पोराला चाळिशीत साखर लागली, तर दंड कोणाला करायचा?

आता तिसऱ्यांदा भरती झालेला तो माणूस. खाट अडते, हे खरं. पण अशा बहुतेकांच्या पोटातलं पाणी काढतात आणि घरी पाठवतात. दारूवर उपचार होतच नाहीत. व्यसन हा स्वतंत्र आजार आहे. एकदम दारू बंद केली की हातपाय थरथरतात, भास होतात, फिटही येऊ शकते. समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ पहिल्याच खेपेला भेटले, तर तिसरी खेप टळण्याची शक्यता वाढते. लिव्हर बदलायचं असेल तेव्हा मात्र दारू सोडण्याची अट मला पटते, कारण दारू चालू राहिली तर नवं लिव्हरही जातं.

तुम्ही शिक्षक, म्हणून सांगते. तुमच्या शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठल्या टपरीवर मिळत नाही? शिरपूरकडे महामार्गावर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. संविधानाचं ४७ वं कलम नशाबंदीसाठी प्रयत्न करायला सांगतं, आणि सरकार दारूच्या परवान्यांवर महसूल मिळवतं. तुमचा संताप ग्रामसभेत, तहसीलदारांपुढे मांडा. वॉर्डातला तो माणूस त्यासाठी चुकीचा पत्ता आहे. ताईंची तारखही त्याच्यामुळे लांबत नाही. हृदयाच्या ऑपरेशनची टीम वेगळी, आयसीयू वेगळं. त्याची खाट रिकामी झाली तरी ताईंचा नंबर लागणार नाही.

नंबर लवकर लागावा म्हणून एक करा. झडपेचं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं, आणि योजनेतल्या खासगी रुग्णालयातही ते होऊ शकतं. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. त्याआधी ताईंचे दात दाखवून घ्या. किडलेल्या दातातले जंतू नव्या झडपेवर बसू शकतात, म्हणून सर्जन ते आधी विचारतीलच. आणि मशेरी लावतात का, हेही विचारतील. लावत असतील तर ताईंना निर्धास्त हो म्हणू द्या.