एका ओळीत उरकलेला घाम

पत्र, सिडको, नाशिक: "ताई, माझा मुलगा चार महिन्यांचा आहे. दीड महिन्याचा असताना टू-डी इको केली, हृदयाला भोक निघालं. डॉक्टरांनी महिन्याने बोलावलं होतं. सासूबाई म्हणतात, पाचव्या महिन्यात मी ग्रहणात भाजी चिरली, त्याचं हे फळ. हे काहीच बोलत नाहीत. नणंदेचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय, तोवर बाहेर कळायला नको म्हणून फाईल मी साड्यांखाली ठेवलीय. डॉक्टरांकडे लग्नानंतरच जायचं ठरलंय. भोक आपोआप बुजतं असंही ऐकलंय. बाळ तसा शांत आहे. दूध पिताना घामाघूम होतो, अर्धवट सोडून झोपतो, एवढंच. सासूबाईंशी मी कसं वागू?"

अगं, चार पानांचं पत्र तुझं. त्यात साडेतीन पानं सासूबाई. घामाला एक ओळ, आणि तिच्याही शेपटाला "एवढंच".

जानेवारी आहे. मी शाल पांघरून हे लिहितेय. अशा गारठ्यात चार महिन्यांच्या पोराचं कपाळ दूध पिताना भिजतं, तेव्हा ते गोधडीमुळे नसतं. तान्ह्या बाळाला सगळ्यात मोठं कष्टाचं काम म्हणजे दूध पिणं. तू पांडवलेणीच्या पायऱ्या चढतेस ना, तसं. तो मध्येच झोपतो तो पोट भरून नव्हे, दमून.

इकोच्या कागदाचा फोटो पाठवलास, बरं केलंस. त्यावर व्हीएसडी आहे आणि त्याआधी 'लार्ज' हा शब्द आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक. डाव्या बाजूचा जोर जास्त, म्हणून शुद्ध रक्त भोकातून उजवीकडे आणि तिथून पुन्हा फुप्फुसांत जातं. फुप्फुसं जड होतात, श्वास वाढतो, खाल्लेलं अंगी लागत नाही. जन्मल्याबरोबर हे दिसत नाही, कारण तेव्हा फुप्फुसांतला दाबही जास्त असतो. तो पुढच्या काही आठवड्यांत उतरतो आणि मग त्रास सुरू होतो. आपोआप बुजतात ती बहुतेक लहान भोकं, आणि लहान भोकाचं पोर दूध पिताना असं भिजत नाही. मोठं भोक तसंच ठेवलं तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कडक होत जातात, आणि एका टप्प्यानंतर ऑपरेशनही करता येत नाही.

ग्रहणाचं एका वाक्यात संपवते: हृदयाचे पडदे गर्भारपणाच्या आठव्या आठवड्याच्या सुमारास तयार होतात, पाचव्या महिन्यात तू सुरी हातात घेतलीस तेव्हा ते काम कधीच उरकलं होतं. सासूबाईंना हे सांगायचं तर सांग, नाहीतर राहू दे.

तुझं चुकलं ते वेगळंच. डॉक्टरांनी महिन्याने बोलावलं होतं, त्याला आता अडीच महिने झाले. फाईल साड्यांखाली सासूबाईंनी नाही ठेवली, तू ठेवलीस.

आज रात्री तो शांत झोपला की झबलं वर कर आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. पन्नास किंवा त्याहून जास्त भरले, छातीखाली खळगा पडत असला किंवा ओठ निळसर वाटले, तर रात्रीच निघ. तसं काही नसलं तरी उद्या सकाळी जायचंच. ह्यांना रजा नसेल तर रिक्षा कर. तुझे डॉक्टर नसतील तर त्र्यंबक नाक्यावरचं सिव्हिल आहे. पैशाच्या धास्तीने थांबू नकोस, अशा मुलांची हृदयाची ऑपरेशनं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होतात. तिथे त्याबद्दल विचार.

नणंदेच्या हळदीला तुझे हात कमी पडले तर पडू देत.

फाईल बाहेर काढ, पिशवीत जास्तीचं झबलं टाक. डॉक्टरांसमोर बसलीस की सासूबाई नकोत, ग्रहण नको. आधी घामाचं सांग. आणि "एवढंच" म्हणू नकोस.